दिवस गेलेत आणि नाक बंद? ती सर्दीची गोळी आधी खाली ठेवा

मी साताऱ्यात मेडिकलच्या काउंटरवर गेली अकरा वर्षं उभी आहे आणि त्यातले सात-आठ महिने माझं स्वतःचं नाक ठार बंद होतं, पोटात लेक होती तेव्हा, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला दोन्हीकडून हक्क आहे असं मी समजते. डॉक्टर नाही मी, फार्मसी शिकलेय, त्यामुळे निदान करणार नाही, पण नाकात नेमकं काय होतं आणि गोळीत नेमकं काय असतं एवढं नीट सांगू शकते.

आमच्याकडे एक ठराविक प्रकार घडतो. संध्याकाळी सातच्या गर्दीत एखादी नवीन लग्न झालेली मुलगी येते, बरोबर सासूबाई किंवा नणंद असते, ती म्हणते ताई सर्दीची गोळी द्या ना, नाक अजिबात उघडत नाहीये, झोप नाही तीन दिवस. आता कुणीही दुकानदार काय करणार, स्ट्रिप कापून दोन-चार गोळ्या हातात ठेवणार. पण ती मुलगी सहा-सात आठवड्यांची गरोदर असू शकते आणि ते ती बोलणार नाही, कारण आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं ना. घरात सांगितलेलं असलं तरी भर दुकानात चार लोकांसमोर कोण बोलतंय. मी हळूच विचारते, पाळी वेळेवर आहे ना गं? आणि मग तिचा चेहराच सांगतो.

गंमत बघा, ज्या तीन महिन्यांत आपण गुपित ठेवतो त्याच तीन महिन्यांत बाळाचे बहुतेक अवयव आकाराला येतात, म्हणजे औषधांच्या बाबतीत सगळ्यात जपायचा काळ तोच, आणि नेमकं त्याच काळात आपण दुकानदाराला खरं सांगत नाही. नजर लागू नये म्हणून शेजारणीला सांगू नका, माझं काही म्हणणं नाही, पण मेडिकलवाल्याला सांगा. कागदावर लिहून दाखवा हवं तर, माझ्याकडे एकीने मोबाईलवर टाइप करून दाखवलं होतं.

बरं आता मुद्द्यावर. बऱ्याचदा ही सर्दी नसतेच.

गरोदरपणात कुठलंही इन्फेक्शन नसताना, कसलीही ॲलर्जी नसताना नुसतंच नाक चोंदून राहतं, याला डॉक्टर लोक प्रेग्नन्सी ऱ्हायनायटिस म्हणतात. साधारण पाच बायकांमागे एकीला हा त्रास होतो, म्हणजे काही दुर्मिळ वगैरे नाहीये, पण उलट्या, मळमळ, डोहाळे यावर सगळे बोलतात आणि नाकाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही त्यामुळे जिला होतं तिला वाटतं आपल्यालाच काहीतरी झालंय. कुणाला सहाव्या-सातव्या आठवड्यातच सुरू होतं, कुणाला पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि एकदा आलं की सहा आठवडे किंवा त्याहून जास्त मुक्काम ठोकतं. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं. सिगरेट ओढणाऱ्या बायकांना याचा त्रास जास्त होतो असं दिसलंय. आपल्याकडे बायका स्वतः कमी ओढतात पण घरातला पुरुष ओढतो, चूल असते, डासांची कॉइल असते, सकाळ-संध्याकाळ धूप-अगरबत्ती असते, आणि हा सगळा धूर आधीच सुजलेल्या नाकाला चांगलाच झोंबतो.

आता हे होतं कशामुळे? आधी नाक आतून कसं असतं ते बघू. आपल्याला वाटतं नाक म्हणजे दोन भोकं, सरळ आत गेलेली पोकळ नळी. तसं नाहीये. दोन्ही बाजूंच्या आतल्या भिंतींवर तीन-तीन मांसल पट्ट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात, आणि त्यांच्या आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. काम काय, तर आत येणारी हवा फुप्फुसात जायच्या आधी गरम करायची, ओलसर करायची, धूळ अडवायची. या पट्ट्यांमध्ये रक्त भरलं की त्या फुगतात, रक्त उतरलं की आकसतात. म्हणजे नाक बंद होतं तेव्हा दरवेळी शेंबडानेच भरलेलं असतं असं नाही, भिंतीच फुगलेल्या असतात. पावसाळ्यात आपलं लाकडी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं बघा, चौकट तेवढीच असते, मध्ये काही अडकलेलं नसतं, दारच फुगलेलं असतं. अगदी तसंच. म्हणून तर कितीही शिंकरलं तरी काही बाहेर येत नाही आणि नाक काही उघडत नाही, उलट शिंकरून शिंकरून लाल होतं.

एक छोटा प्रयोग करून बघा आत्ताच. आरशासमोर उभं राहून एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीने श्वास सोडा, मग उलट करा. बहुतेकांच्या लक्षात येईल की एक बाजू मोकळी आहे आणि दुसरी जरा जड. काही तासांनी परत बघा, बऱ्याचदा पारडं फिरलेलं असेल. निरोगी माणसाच्या नाकातही दोन्ही बाजू आळीपाळीने फुगतात आणि आकसतात, जर्मनीतल्या रिचर्ड कायझर नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय, आणि आपल्याकडे योगाभ्यास करणारे चंद्रनाडी सूर्यनाडी म्हणतात, डावा स्वर चालू आहे की उजवा ते बघतात, ते याच अनुभवावरून. एरवी हा खेळ आपल्याला जाणवतही नाही. पण गरोदरपणात दोन्ही बाजू मुळातच फुगलेल्या असल्या की ज्या बाजूची पाळी असेल ती पूर्णच बंद होते आणि दुसरी जेमतेम उघडी राहते, म्हणून मग वाटतं की सर्दी एका नाकपुडीतून दुसरीत फिरतेय.

आणि गरोदरपणात फुगतात कशाने, तर दोन-तीन गोष्टी एकदम चालू असतात. पहिली म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स झपाट्याने वाढतात, रक्तवाहिन्या सैलावतात. दुसरं, अंगातलं रक्त वाढतं, त्यातला पातळ भाग, प्लाझ्मा, सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून वाढायला लागतो आणि शेवटच्या तीन महिन्यांपर्यंत आधीपेक्षा चाळीस-पन्नास टक्के जास्त होतो. एवढं रक्त खेळायला लागल्यावर नाकातल्या स्पंजासारख्या पट्ट्या कोरड्या कशा राहतील. तिसरं, वार म्हणजे प्लासेंटा स्वतःचं एक ग्रोथ हॉर्मोन तयार करते, आणि स्वीडनमध्ये या विषयावर वर्षानुवर्षं काम केलेल्या इव्हा एलेगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नाक चोंदलेल्या गरोदर बायकांमध्ये हे हॉर्मोन जास्त सापडलं होतं. यातला मुख्य गुन्हेगार कोण यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की जंतू मारून, कफ पातळ करून किंवा ॲलर्जीची गोळी खाऊन हे जाणार नाही, कारण जंतूही नाहीत, कफही नाही आणि ॲलर्जीही नाही.

मग ओळखायचं कसं की आपलं कुठलं? साधी सर्दी असेल तर घसा खवखवतो, अंग मोडून येतं, नाक गळतं, कधी बारीक ताप, आणि सात ते दहा दिवसांत उतरते. ॲलर्जी असेल तर शिंकांची माळ लागते, डोळे आणि नाक खाजतं, पाण्यासारखं वाहतं, आणि बहुतेक वेळा आधीपासून माहीत असतं की आपल्याला धुळीने होतं, झाडलोट केली की होतं, जुन्या गाद्या काढल्या की होतं. आणि हे जे मी सांगतेय त्यात यातलं काहीच नाही, नुसतं चोंदलेलं नाक, रात्री आडवं झालं की जास्त, आठवड्यामागून आठवडे. अर्थात तिन्ही एकत्रही येऊ शकतात, नशीब असेल तर. माझ्या नाकात ॲलर्जी आधीपासूनच होती, त्यावर हे बसलं, जानेवारीतली साताऱ्याची थंडी वरून, म्हणजे सगळी पंगत एकदमच बसली.

आता गोळीकडे येते, कारण माझं खरं भांडण तिच्याशी आहे.

आपल्याकडे सर्दीची म्हणून जी गोळी मिळते ती एक औषध नसते, तीन-चार औषधांची मिसळ असते. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ब्रँडमध्ये पॅरासिटामॉल असतं, क्लोरफेनिरामाइन असतं, फेनिलएफ्रिन असतं, आणि बऱ्याच गोळ्यांत कॅफिनही असतं. पॅरासिटामॉल ताप आणि अंगदुखीवर, गरोदरपणात डॉक्टर देतात ते हेच, पण तुम्हाला ताप नाही आणि नुसतं नाक बंद आहे तर ते कशाला खायचं. क्लोरफेनिरामाइन हे जुनं ॲलर्जीचं औषध, पेंग येते त्याने, आणि पहिल्या तीन महिन्यांत आधीच माणूस दुपारी दोन वाजता ऑफिसच्या टेबलावर डोकं टेकवत असतो. कॅफिन थोडं असतं, पण दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहा असं गरोदर बायकांना सांगतात, त्यात तुमचा चहा-कॉफीही धरायचा असतो.

राहिलं फेनिलएफ्रिन. नाक मोकळं करायचं काम खरं याचं, रक्तवाहिन्या आवळायच्या. पण पोटात गेल्यावर आतडी आणि यकृत त्याचा बहुतेक भाग रक्तात पोचायच्या आधीच मोडून टाकतात, नाकापर्यंत जातंय कितीसं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की तोंडाने घेतलेलं फेनिलएफ्रिन नाक मोकळं करायला उपयोगाचं नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते तिथल्या बिनचिठ्ठीच्या गोळ्यांतून काढायचा प्रस्तावच मांडला. म्हणजे बघा, जिथे औषध हवं तिथे पोचत नाही आणि जिला घ्यायला नको तिच्या पोटात जातं. त्याचा थोरला भाऊ स्यूडोएफेड्रिन, तो नाक उघडतो खरा, पण सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळतो, बीपी वाढवू शकतो, आणि पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास बाळाच्या पोटाच्या भिंतीत दोष राहण्याचा धोका किंचित वाढतो असं काही अभ्यासांत दिसल्यामुळे त्या काळात तो टाळायलाच सांगतात.

हे वाचून कुणाच्या पोटात गोळा आला असेल की अगं बाई, मी तर मागच्या आठवड्यात दोन खाल्ल्या, माहीतच नव्हतं दिवस गेलेत ते, तर घाबरू नका. धोका मुळातच फार थोडा असतो आणि अशा दोन-चार गोळ्या नकळत खाल्लेल्या कितीतरी बायकांची बाळं ठणठणीत असतात. फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती रिकामी स्ट्रिप घेऊन जा आणि दाखवा, लपवू नका. आणि तापासाठी किंवा डोकं दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा ते असलेली मिसळ गोळी मनाने घेऊ नका, गरोदरपणात ती टाळतात.

आता ड्रॉप्स. नाक उघडायचे ड्रॉप्स, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, ओट्रिविन म्हणून सगळे मागतात ते. याचं काम झकास असतं, दोन मिनिटांत नाक मोकळं, जादूच. आणि तिथेच फसगत आहे. तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की नाकाला त्याची सवय लागते, असर उतरला की पट्ट्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत ड्रॉप्स, मग परत फुगणं. साध्या सर्दीत पाच दिवसांत सर्दीच संपते म्हणून निभावतं. पण तुमचं हे प्रकरण चालणार आहे महिनोन् महिने, पाच दिवसांच्या औषधाने सहा महिन्यांचा रस्ता कापायचा कसा? माझ्याकडे एक बाई दर आठवड्याला एक बाटली नेत होती, डिलिव्हरी होऊन बाळ रांगायला लागलं तरी नेत होती. गरोदरपणाचं चोंदणं केव्हाच गेलं होतं, राहिलं होतं ते ड्रॉप्सचं. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सुटली एकदाची. तेव्हा हे ड्रॉप्स डॉक्टरांनी सांगितले तरच, तेही मोजून दिवस, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा.

स्टेरॉइडचे स्प्रे वेगळे. ॲलर्जी असेल तर डॉक्टर बुडेसोनाइडचा स्प्रे गरोदरपणातही देतात, त्याचा अनुभव बराच आहे, स्टेरॉइड शब्द ऐकून दचकू नका, रक्तात फारच थोडं जातं. पण ॲलर्जी नसलेल्या नुसत्या चोंदण्यावर स्टेरॉइड स्प्रेचा फरक पडत नाही, फ्लुटिकॅसोनचा स्प्रे आठ आठवडे देऊन तपासलं होतं त्या स्वीडनवाल्यांनीच. आणि दम्याचा पंप आधीपासून चालू असेल तर तो गरोदर आहे म्हणून आपल्या मनाने अजिबात बंद करायचा नाही, आईला श्वास पुरला नाही तर बाळाला कुठून पुरणार.

मग करायचं काय? सगळ्यात आधी मिठाचं पाणी. सलाईनचे ड्रॉप्स किंवा स्प्रे, नुसतं पाणी आणि मीठ, औषध काही नाही, दिवसातून चार वेळा घ्या, सहा वेळा घ्या, नऊ महिने घ्या. फक्त दुकानात ‘नाकाचे ड्रॉप्स’ असं मोघम मागू नका, सलाईनचे असं स्पष्ट सांगा, आणि घरी जायच्या आधी लेबल वाचा, कारण दोन्हींच्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात, सलाईनवर सोडियम क्लोराइड ०.६५ किंवा ०.९ टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं.

स्प्रे मारायची पद्धत सांगते कारण नव्वद टक्के लोक चुकीचा मारतात (हा आकडा माझा, काउंटरवरचा, मनावर घेऊ नका). डोकं मागे टाकायचं नाही, उलट किंचित पुढे, पायाच्या अंगठ्याकडे बघतोय असं. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात, म्हणजे टोक आपोआप मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या भिंतीकडे, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. फुगलेल्या पट्ट्या त्याच भिंतीवर आहेत ना. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की तिथली नाजूक कातडी सोलवटते आणि रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, हलका श्वास घ्यायचा, नाहीतर सगळं घशात उतरतं आणि गरोदर बाईला त्या खारट चवीनेच उमासे येतात, अनुभवाचे बोल आहेत.

जलनेती करणाऱ्यांनी खुशाल करावी, सवय असेल तर, पण पाणी उकळून थंड केलेलंच. निदान एक मिनिट खळखळ उकळी आलेली पाहिजे. नळाचं, बोअरचं, विहिरीचं कच्चं पाणी नाकात नको. त्यात क्वचित एक अमीबा असतो, नेग्लेरिया, नाकावाटे मेंदूत जातो आणि बहुतेक वेळा माणूस वाचत नाही, केरळमधल्या बातम्या आल्या होत्या बघा, तोच. पोटात गेला तर काही करत नाही, नाकातूनच धोका. प्रमाण म्हणाल तर पाव लिटर पाण्याला सपाट अर्धा चमचा मीठ, जरा कमीच. त्याहून कमी-जास्त झालं की नाक चरचरतं. पहिल्या तीन महिन्यांत ओकाऱ्या होत असतील तर वाकून नेती करायच्या फंदात पडू नका, स्प्रे बास.

दुसरी गोष्ट झोपायची. आडवं झालं की डोक्याकडच्या शिरांत रक्त जास्त साठतं आणि नाक अजून फुगतं, म्हणून दिवसा ठीक असलेली बाई रात्री अकराला उठून बसते. डोक्याकडची बाजू उंच करायची. नुसत्या तीन उशा रचल्या की मान मोडते आणि माणूस मध्यरात्री घसरून परत सपाट होतो. आमच्या सासूबाईंनी सरळ पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट सरकवली, नवरा म्हणाला आता मी रात्रभर पायथ्याकडे घसरणार, पण मला त्या दिवशी चार तास सलग झोप लागली. शिवाय ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूची, खालची नाकपुडी बंद होते आणि वरची उघडते, तेव्हा एक बाजू ठार बंद झाली की कूस बदला आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

तिसरी, शतपावली. चालायला लागलं की शरीर स्वतःच नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, ड्रॉप्स जे करतात तेच पण फुकट आणि सवय न लावता. जेवणानंतर गच्चीत पंधरा मिनिटं जरा पाय उचलून चाला, डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर अर्थातच नाही. आणि नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टी मिळते, क्रिकेटपटू लावतात तसली, ती नाकपुड्या दोन्हीकडून ओढून धरते, औषध नसतं त्यात, रात्री लावून बघायला हरकत नाही. फक्त मेंथॉलचा वास नसलेली घ्या, पहिल्या तीन महिन्यांत कुठल्या वासाने काय बाहेर येईल सांगता येत नाही.

आता घरगुती उपाय, म्हणजे ज्यावर सासर-माहेर दोन्हीकडून सल्ले येतात.

वाफ घ्या, बरं वाटतं, कोरडं नाक ओलावतं. पण पट्ट्या फुगलेल्याच राहतात, त्यामुळे अर्ध्या तासात परत तेच. पाच मिनिटं पुरे. उकळतं पातेलं मांडीजवळ ठेवून डोक्यावर चादर घेऊन बसू नका, चक्कर आली, उमासा आला, हात लागला की भाजतं. पातेलं टेबलावर ठेवा नाहीतर गरम पाण्याच्या आंघोळीच्या वाफेत दोन मिनिटं जास्त थांबा.

व्हिक्स, निलगिरी, मेंथॉलच्या कॅप्सूल. यात एक मजा आहे. मेंथॉल नाक उघडत नाही, उघडल्यासारखं वाटायला लावतं. नाकातल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारे रिसेप्टर असतात, मेंथॉल त्यांना फसवतं, मेंदूला वाटतं आहाहा गार हवा भरपूर येतेय, मोजलं तर हवा तेवढीच जात असते. हे गारव्याचे आणि उष्णतेचे रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. बाहेरून छातीला थोडं लावलं तर ठीक, झोप लागण्यापुरता तो गारवाही पुरतो कधीकधी, पण नाकाच्या आत भरू नका, आणि कापूर पोटात तर चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी आहे.

ओवा तव्यावर भाजून फडक्यात पुरचुंडी बांधून हुंगणं, हे मला स्वतःला आवडायचं, जरा ऊब, जरा वास, खायचं काही नाही. पुरचुंडी आधी मनगटाला लावून बघा किती गरम आहे ते. आल्याचा थोडा चहा, हळदीचं दूध, गरम सार, तांदळाची पातळ पेज, सगळं चालतं, निदान पोटात पाणी जातं. पण मुठी-मुठीने जिन्नस घातलेले कडक काढे नकोत, आणि ज्येष्ठमध तर जपूनच, त्यातला ग्लिसिरायझिन नावाचा घटक बीपी वाढवतो, गरोदरपणात तो जास्त प्रमाणात घेऊ नये असं सांगतात. घशासाठी म्हणून दिवसभर काडी चघळत बसू नका.

नाकात तेल-तुपाचे थेंब सोडायचे का हे दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं. थेंब नकोत, झोपून सोडलेलं तेल कधी श्वासातून फुप्फुसात उतरतं. नाकपुडी आतून कोरडी पडून खपल्या धरत असतील तर बोटाच्या टोकाला साजूक तूप घेऊन अगदी पुढच्या कडेला हलकंसं लावा, तेवढं बास.

खपल्यांवरून आठवलं, घोळणा फुटणं. गरोदरपणात नाकातून रक्त येणं वाढतं, नाकात रक्ताचा पुरवठाच वाढलेला असतो त्यामुळे जरा शिंकरलं की लाल. घाबरायचं नाही. सरळ बसायचं, डोकं पुढे झुकवायचं, हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटं दाबून ठेवायचा, मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही थांबलं का म्हणून. आपल्याकडे लगेच झोपवतात, डोक्यावर पाणी ओततात, कांदा फोडून हुंगवतात. झोपवलं की रक्त घशातून पोटात जातं आणि त्याने उलटी होते. कांदा ठेवा भेळीला. वीस-तीस मिनिटांत थांबलं नाही किंवा परत परत यायला लागलं तर दवाखाना.

नाकामागून घशात उतरणारा कफ सकाळच्या मळमळीत तेल ओततो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घसा वाळलेला, त्यावर तो चिकट कफ, ब्रश तोंडात घातला की ओकारी. उठल्या उठल्या आधी सलाईन, मग गुळण्या, मग दहा मिनिटांनी ब्रश, असा क्रम लावल्यावर माझं सकाळचं बरंच निभलं. विदर्भातल्या बहिणींनो, उन्हाळ्यात कूलर लावता त्याच्या जाळीतलं गवत जुनं, बुरसटलेलं असेल तर आधी बदला, ओलावा मिळतो पण बुरशीही नाकात जाते.

घोरणं नव्याने सुरू झालं असेल तर हसण्यावारी नेऊ नका. थोडंफार होतंच, पण नवरा म्हणत असेल की मध्येच तुझा श्वास थांबतो आणि दचकून उठतेस, दिवसभर डोळे मिटतात, तर डॉक्टरांना सांगायचंच, कारण झोपेत श्वास अडणं आणि गरोदरपणात बीपी वाढणं यांचा संबंध आहे. तसंच ताप आला, गालाच्या हाडांपाशी ठणकतंय आणि घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतोय, छातीतून सूं सूं आवाज येतोय, धाप लागतेय, तर ते आता नुसतं चोंदणं राहिलं नाही, त्याच दिवशी दाखवा. ताप तर पहिल्या तीन महिन्यांत अंगावर काढूच नका. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत, पुण्यात मास्क मिळेनासे झाले होते तेव्हा, गरोदर बायकांना फ्लू किती जड जातो ते सगळ्या जगाने पाहिलं. फ्लूची लस गरोदरपणात देतात, तुम्ही कधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

माझं नाक उघडलं ते बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी, पहाटे. लेकीला पाजत बसले होते आणि स्वयंपाकघरातून आईने भाजायला घेतलेल्या डिंकाचा वास आला, म्हणजे नाकाने आला, कित्येक महिन्यांनी. मी आईला हाक मारून सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, आता शी केलेलीही लवकर कळेल.

दोन आठवडे उलटूनही तुमचं उघडलं नाही तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आतल्या पडद्याचं वाकडेपण, ॲलर्जी किंवा ते ड्रॉप्स, काहीतरी निघेल. आणि हो, तेव्हाही ती सर्दीची गोळी नवऱ्याला आणायला पाठवाल तर बाळ अंगावर पितंय हे त्याला काउंटरवर सांगायला लावा. स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होतं. आमच्याकडे येणारे नवरे ‘घरी सर्दी झालीय’ एवढंच सांगतात, कुणाला ते विचारल्याशिवाय बोलत नाहीत.